युवा संघांची नोंदवही: स्पर्धा सोडून जन्मसालाकडे

मंडळी, भारताच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघाच्या वहीची मांडणी या टप्प्यात पुरती बदलली. आतापर्यंत पाने स्पर्धेच्या सालाने लावली होती. आता ती तुकडीच्या जन्मसालाने लावतो आहे. वरिष्ठ संघाची वही सालवार चालते, कारण तिथे तोच बचावपटू पाच-सात वर्षे दिसतो. इथे एक-दोन वर्षांत सगळा संघच नवा असतो. २०१६ आणि २०१८ची पाने शेजारी ठेवून 'संघ सुधारला' म्हणावे, तर दोन्हींकडे खेळाडूच वेगळे.

सगळ्यात भरलेले पान अर्थात २००० सालच्या तुकडीचे, म्हणजे १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे. सुरुवात २०१६च्या गोव्यातल्या आशियाई स्पर्धेपासून होते. अमिरातीकडून २-३, सौदी अरेबियाशी ३-३, इराणकडून ०-३, आणि भारत गटातच बाहेर. पुढे २०१७चा घरचा विश्वचषक. तिन्ही सामने दिल्लीत: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. स्पर्धेच्या सालाने लावलेल्या वहीत ही गोष्ट 'तीन सामने, तीन पराभव, एक गोल' एवढ्यावर मिटायची.

कोलंबियाच्या सामन्याला मी मिनिटांचा वेगळा रकाना दिला आहे. पहिल्या सत्राच्या शेवटी राहुल केपीचा फटका खांबाला लागला. ४९व्या मिनिटाला पेन्यालोसाने कोलंबियाला आघाडी दिली. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने हेडर मारला. कुठल्याही फिफा विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. आणि ८३व्या मिनिटाला पुन्हा पेन्यालोसा. नुसत्या १-२ मध्ये हे काहीच दिसत नाही, म्हणून आपल्यापैकी जे अशा वह्या ठेवतात त्यांनी निदान बरोबरीच्या गोलांची मिनिटे तरी लिहावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

याच तुकडीचे पान पुढे वाढवत नेले आणि नव्या मांडणीचे खरे समाधान मिळाले. ऑगस्ट २०१८, स्पेनमधली कोटिफ स्पर्धा, २० वर्षांखालील गट. आधी मर्सियाकडून ०-२, मॉरिटानियाकडून ०-३, मग व्हेनेझुएलाशी ०-०. त्यानंतर अर्जेंटिनावर २-१! दीपक टांगरीचा गोल चौथ्या मिनिटाला. दुसऱ्या सत्रात आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला लाल कार्ड, आणि दहा जणांनिशी खेळताना ६८व्या मिनिटाला अन्वर अलीची फ्री किक जाळ्यात. समोरच्या बाकावर अर्जेंटिनाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी होते. टांगरी एक वर्षाने मोठा, म्हणून त्याची नोंद १९९९च्या पानावर जाते. अन्वर आणि अनिकेत दोघेही दिल्लीच्या विश्वचषकातले. पुढे मार्च २०२१मध्ये ओमानविरुद्ध जॅक्सन आणि सुरेश सिंग एकाच सामन्यात वरिष्ठ संघात आले. त्याच वर्षी सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध सुरेशने गोल केला. जून २०२२मध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध अन्वरने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. दिल्लीतल्या तीन पराभवांचा हिशेब मला इथपर्यंत आणायचा होता. युवा संघाचा निकाल त्या आठवड्यात अर्धाच लागतो.

२००२च्या तुकडीचे पान छोटे आहे, पण माझे सर्वात आवडते. २०१८ची मलेशियातली आशियाई स्पर्धा, प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामवर १-० (विक्रम प्रतापची पेनल्टी), इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०. इराणची पेनल्टी गोलरक्षक नीरज कुमारने अडवली. उपउपांत्य फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. चार सामन्यांत केलेला गोल एक, खाल्लेला गोल एक. ती शेवटची लढत जिंकली असती, तर मुले मैदानावरच्या कामगिरीने विश्वचषकाला गेली असती. यजमान म्हणून मिळालेल्या जागेपेक्षा मी त्या संध्याकाळची किंमत जास्त धरतो.

त्याच प्रशिक्षकांच्या हाताखालची २००६ची तुकडी अगदी उलट्या स्वभावाची. २०२३मध्ये थायलंडला व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१ आणि जपानकडून ४-८. जपानने पुढे विजेतेपद मिळवले. त्यांना चार गोल मारणारा संघ आठ खातो, ही नोंद बचावाच्या रकान्यात लाल शाईने केली आहे.

मधली २००४ची तुकडी लिहिताना जीव तुटतो. २०१९मध्ये ताश्कंदला पात्रता फेरीत तुर्कमेनिस्तानवर ५-०, बहारीनवर ५-०, यजमान उझबेकिस्तानशी १-१, गटात पहिले. मुख्य स्पर्धा बहारीनमध्ये व्हायची होती. कोविडमुळे ती रद्दच झाली. वय थांबत नाही, त्यामुळे त्या मुलांना दुसरी संधी नव्हती. या पानावर पराभव एकही नाही आणि स्पर्धाही नाही. एकूण आकडेवारी काढताना अशी पाने गाळू नका, पात्रता फेरी धरूनच बेरीज करा.

२००९ची तुकडी नुकतीच चढवली. ३० नोव्हेंबर २०२५, अहमदाबाद. जिंकण्यावाचून पर्याय नव्हता, इराणने आघाडीही घेतली होती. मध्यंतराच्या तोंडावर दल्लालमुओन गंगतेची पेनल्टी, मग गुनलेइबाचा गोल, २-१, आणि आशियाई स्पर्धेत प्रवेश. प्रशिक्षक पुन्हा बिबियानो.

वीस वर्षांखालील संघाची वही वेगळी केली आहे. तिचे पहिले मोठे पान बँकॉक १९७४चे: अंतिम सामना इराणशी २-२ आणि विजेतेपद दोघांना विभागून, कर्णधार शब्बीर अली. युवकांचा विश्वचषक १९७७ला सुरू झाला, त्यामुळे त्या संघापुढे जायला पुढची पायरीच नव्हती.

आता मुलींची वही हातात घेतो आहे. २०२२च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. ऑगस्ट २०२५मध्ये यांगूनला म्यानमारवर १-० आणि २० वर्षांखालील आशियाई स्पर्धेचे तिकीट. या दोन नोंदींमध्ये कोणती नावे सामाईक आहेत, ते जन्मतारखांसह लावणे हे पुढचे काम.