प्रभुभोजनाचे कप आणि कोरहाची कुरकुर

उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास ताजा करायच्या खास सभा, होऊन गेल्या की पुढचा महिनाभर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्याला त्याला संदेश (म्हणजे प्रवचन) द्यायचा असतो. दरवर्षीचंच आहे हे. बाहेरून कोणीतरी वक्ते येतात, रात्री दणक्यात बोलतात, सगळ्यांना पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, झाल्यासारखं वाटतं आणि येत्या रविवारी खुर्च्या लावायला माणूस मिळत नाही. मी मिरजेची, इथंच वाढले, त्यामुळं मायेनंच बोलतेय, पण बोलणार.

माझ्याकडं प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीचे, कप असतात. ते काचेचे छोटे, ट्रेच्या भोकांत बसणारे. द्राक्षरस तळाला वाळला की नुसत्या पाण्यानं निघत नाही, कोमट पाण्यात भिजवायचे, मग करंगळीला फडकं गुंडाळून आतनं फिरवायचं, आणि वाळत घालताना एकमेकांना लागू द्यायचे नाहीत नाहीतर काठाचे टवके उडतात आणि पुढच्या वेळी कुणाच्या तरी ओठाला लागतं. आत्याचं बघून बघून शिकले. आता लोक म्हणतात, अगं एवढी शिकलीयेस, संडे स्कूल घे की. मला मुलं सांभाळता येत नाहीत हो, आणि हे मुलांनासुद्धा माहितीये.

कृपादानांचा, म्हणजे देवानं ज्याला त्याला दिलेल्या देणग्यांचा, विषय निघाला की सगळे १ करिंथ १२ (बायबलमधल्या पौलाच्या पत्राचा बारावा अध्याय) काढतात, हात, पाय, डोळा, कान. छानच आहे. पण त्याच अध्यायात २८ व्या वचनात प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, अद्भुत कामं करणारे अशी यादी आहे ना, तिच्यात मदत करणारे आणि कारभार बघणारेही आहेत, तिथं कुणी थांबत नाही. चमत्कारावरनं गाडी थेट अन्य भाषांवर, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषेत बोलण्यावर.

मला स्वतःला बायबलमधलं गणना जास्त जवळचं वाटतं, जे कुणी आवडीनं वाचत नाही ते पुस्तक. चौथ्या अध्यायात निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा तंबू, हलवायचा कसा ते आहे. लेवीच्या वंशातल्या कहाथाच्या घराण्याकडं कोश (देवाच्या आज्ञांची पेटी), मेज, दीपवृक्ष, म्हणजे सगळं पवित्र सामान, तेही खांद्यावर. गेर्षोनाच्या घराण्याकडं पडदे. आणि मरारीच्या लोकांकडं फळ्या, खांब, खांबांखालच्या बैठका, मेखा, दोऱ्या. पुढं सातव्या अध्यायात मरारीच्या लोकांना चार गाड्या न् आठ बैल मिळतात, कारण वजन खरं त्यांच्याकडं होतं. आणि त्यांचं सामान नावानिशी नेमून द्या असं देवानं सांगितलंय. मेखा आणि दोऱ्यासुद्धा! मांडववाला पण एवढा हिशोब ठेवत नाही.

आता गंमत बघा. सोळाव्या अध्यायात कोरह उठतो, अडीचशे माणसं घेऊन इस्राएलचा पुढारी मोशे याच्या अंगावर जातो, की तुम्हीच काय मोठे लागून गेलात. हा कोरह कुठला? मरारीचा नाही, कहाथाच्या घराण्यातला. मेखा वाहणाऱ्यांनी कुरकुर केली नाही, ज्याच्या घराण्याच्या खांद्यावर कोश होता त्याला याजकपण, म्हणजे वेदीवरचं पुजारीपण, पाहिजे होतं. मोशे त्याला विचारतो ते साध्या भाषेत एवढंच, की देवानं जवळ घेतलं हे कमी वाटतंय का तुम्हाला? मी आमच्याकडं पण हेच बघत आलेय, मांडी घालून भाकरी थापणाऱ्या बायका कधी रुसत नाहीत, रुसतात ते माईकपासून दोन पावलांवर बसणारे.

कोरह त्या बंडापायी मेला, पण त्याची मुलं मेली नाहीत असं गणना २६ मध्ये मुद्दाम लिहिलंय. त्यांचे वंशज पुढं मंदिराचे द्वारपाळ झाले, आणि स्तोत्र ८४ त्यांच्याच नावावर आहे, देवाच्या घराच्या उंबऱ्याशी उभं राहणं बरं म्हणणारं. आजोबानं वेदीसाठी भांडण केलं आणि नातवंडं दारात उभी राहून गातायत!

आमची आजी मिशन हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं, त्यांचं नाव आजही त्याला आहे आणि ते असायलाच पाहिजे. आजीचं नाव कुठं नाही. ऑपरेशनच्या चादरी उकळणं हे आपलं पाचारण आहे असं ती म्हणायची नाही, ती म्हणायची काम आहे, आणि प्रार्थना करत करत उकळायची.

पण एक गोष्ट टोचते ती लिहितेच. आहे त्या कामात समाधान माना हा उपदेश होतो कुणाला? कप धुणाऱ्यांना, चहावाल्यांना, बायकांना, तरुण संघाला. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही की साहेब, आता खुर्ची सोडून समाधान माना. समाधान म्हणजे वरच्यानं खालच्याला गप्प बसवायची सोय नव्हे. आत्म्याचं प्रकटीकरण सर्वांच्या हितासाठी दिलंय असं पौल त्याच १२ व्या अध्यायात ७ व्या वचनात म्हणतो, म्हणजे दान कुठलंय ते कळायचं असेल तर बघायचं की त्यानं दुसऱ्याचं काही भलं होतंय का. मला कपातनं हलायचं नाही, कारण मला ते खरंच आवडतं, कुणी बसवलं म्हणून नाही.

माझ्याबरोबर कप पुसायला तरुण संघातली एक मुलगी येते. कप पुसता पुसता ती वचन असं काही उलगडून सांगते की हात थांबतात, दोनतीन बायका तर आता तेवढ्यासाठीच नळापाशी रेंगाळतात. एक कप धड पुसत नाही ती. तिनं संदेश द्यावा असं मी पाळकसाहेबांना सांगितलंय, त्यांची हरकत नाही. पंचकमिटी म्हणाली बघू. पुढच्या मीटिंगला परत विचारणार आहे.