बुरशी पुसायला दोन तास, अर्जाची पोच मिळायला सात आठवडे

डोंबिवलीतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत, निजायच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर जुलैमध्ये काळे ठिपके दिसू लागले. कपाट पुढे ओढल्यावर त्यामागे हातभर रुंदीची काळपट हिरवी बुरशी पसरलेली आढळली. ती मी ब्लीचने पुसली, भिंत लख्ख झाली आणि तीन आठवड्यांत बुरशी पुन्हा उगवली, कारण गिलाव्यात मुरलेली ओल तशीच होती.

ओल कुठली, हे ठरवण्यासाठी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन दिवस ठेवला. पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला जमले असते, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा ठरला असता. ते भिंतीकडच्या बाजूला जमले. म्हणजे पाणी भिंतीतून येत होते.

येथून सोसायटीच्या कार्यालयाचा अध्याय सुरू झाला. आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडणाऱ्या त्या कार्यालयात माझा अर्ज पहिल्या खेपेस घेतलाच नाही. सेक्रेटरींना विचारल्याशिवाय पोच देता येत नाही, असे कारकुनाने सांगितले. सेक्रेटरी भेटले तेव्हा त्यांनी गळती वरच्या घराच्या न्हाणीघराची असल्याचा निर्वाळा भिंत न पाहताच दिला. वरच्या मजल्यावरील काकूंनी मोठ्या मनाने परवानगी दिल्यामुळे आम्ही त्यांच्या न्हाणीघरातील पाणी वाहून जाण्याचे तोंड बुजवून, रंग मिसळलेले पाणी चोवीस तास साठवून पाहिले. आमच्याकडे रंगाचा एक थेंबही उतरला नाही. हे कळवल्यावर उत्तर आले, ‘मग हवेतली ओल असेल, खिडक्या उघड्या ठेवत जा.’ भर पावसात बाहेरची हवा घरातल्यापेक्षा अधिक दमट असताना खिडक्या उघडून काय वाळणार, हे विचारण्याइतका संयम त्या दिवशी माझ्याजवळ उरला नव्हता.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा असतो, तर संडास, मोरी अशा घरातल्या गळतीचा खर्च संबंधित सदस्याचा. उपविधींतील तो भाग अर्जाला जोडून, सोबत ओल्या प्लास्टिकची व रंगीत पाण्याची छायाचित्रे लावून मी तो अखेर स्पीड पोस्टाने पाठवला, आणि सात आठवडे न मिळालेली पोच दोन दिवसांत घरपोच आली! हे पहिल्याच आठवड्यात सुचले असते, तर सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत विषय ऐनवेळी घुसवावा लागला नसता. तोंडी तक्रार कोणीही करू नये.

पाऊस संपल्यावर बाहेरच्या भिंतीच्या भेगा बुजवून जलरोधक थर दिला गेला. आतील काम मी माझ्या खर्चाने केले. पोकळ झालेला गिलावा खरवडण्याआधी भिंत साबणाच्या पाण्याने ओली करून घ्यावी, म्हणजे बुरशीचे कण खोलीभर उडत नाहीत. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत आणि वापरलेली फडकी फेकून द्यावीत. रंगारी दोन दिवसांत पुट्टी मारून देतो म्हणत होता. मी त्याला महिनाभर थांबवले, कारण ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे सुटतात. या विलंबाचा मला आजही थोडा अभिमान वाटतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. भिंतीवरची पांढरी भुकटी म्हणजे बुरशीच, असे नव्हे. ती पाण्यात विरघळली, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार असतात. ओल मात्र त्याच्याही मागे असतेच. तसेच, ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

यंदाच्या पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आहे, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालत नाही आणि आंघोळीनंतर न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा अर्धा तास चालू ठेवतो. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवावी असे म्हणतात. आर्द्रतामापकावर ती त्याहून वर सरकली की मी एसी ड्राय मोडवर लावतो. जुलैमध्ये प्लास्टिकचा तुकडा पुन्हा भिंतीवर चिकटवला होता. दोन दिवसांनी काढला, तेव्हा तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला.