वाळका बरसीम: पानं झडतात, देठ काही वाळत नाही

मंडळी, वाईट बातमी आधी. मागच्या वेळी वाळवलेल्या बरसीमच्या (हा हिरवा, रसाळ देठाचा चारा) ज्या गंजीचं एवढं कौतुक लिहिलं होतं ती आतून तापली. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून ठेवली, गुरांचं पाणी होईपर्यंत तशीच राहू दिली आणि काढली तर टोक हातात धरवेना. वासही तोच, आंबूस-गोडसर, तंबाखूच्या जवळ जाणारा, ज्यांनी एकदा घेतलाय त्यांना सांगायला नको. मग काय, बाबा, मी आणि शेतावरचे काका, तिघांनी संध्याकाळपर्यंत सगळी गंज फोडून ताडपत्र्यांवर पसरली. बाहेरच्या पेंढ्या हिरव्यागार आणि मधल्या तपकिरी, काहींवर पांढरी बुरशी.

बुरशीवाला सगळा माल सरळ उकिरड्यात. बाबा म्हणाले वरवरचं झटकून म्हशीला देऊ, मी म्हणलं अजिबात नाही, दावणीला गाभण मालवी गाय आहे आणि बुरशीच्या चाऱ्याने गाय गाभडते हे सगळ्यांना माहीत आहे, दावण तर एकच. तपकिरीचं दुखणं वेगळं आहे. गायी तो आवडीने खातात, वास गोड लागतो ना, पण गंज तापली की त्यातलं प्रोटीन साखरेला असं चिकटतं की ते पचतच नाही, नुसतं पोट भरतं. आणि 70 डिग्रीच्या वर गेलं की आग लागायची भीती, त्यामुळे सळई गरम आली की विचार करत बसायचं नसतं.

आता मुद्दा असा की ही गंज रचताना ओलावा मोजायचा मीटर 14 टक्के दाखवत होता. ऑनलाइन मिळतो तो, दोन सुयांवाला, कंपनीचं नाव घेत नाही. धान्याला चालत असेल तर असो, चाऱ्यात त्याच्या सुया पानांच्या चुऱ्यात घुसतात आणि पानांचं पाणी सांगतात. देठाचं कोण सांगणार? फोडलेल्या गंजीतल्याच चांगल्या भागातून नमुना घेऊन आईच्या मायक्रोवेव्हमध्ये घातला. 100 ग्रॅम बारीक कापून, शेजारी पाण्याचा अर्धा ग्लास ठेवून, थोडं थोडं फिरवायचं, दर वेळी वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की झालं. शेवटी 76 ग्रॅमवर थांबलं, म्हणजे पाणी 24 टक्के! गंजीत 15 च्या वर नको. (आईने मायक्रोवेव्ह आता मलाच देऊन टाकलाय, म्हणते त्यात चहा गरम केला तरी गोठ्याचा वास येतो.)

शेतात उभ्या उभ्या बघायला मिठाची बरणी मस्त चालते. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर कापलेला चारा, वर चमचाभर सुकं मीठ, जोरात हलवायचं. मिठाचे गोळे झाले की ओला, सुटं राहिलं की गंजीला तयार. मीटरच्या पैशात किती किलो मीठ आलं असतं ते मोजत नाही.

तर सगळी लढाई देठाची आहे. बरसीम कापतो तेव्हा 80-85 टक्के पाणीच असतं. आपल्या इंदुरात फेब्रुवारीच्या शेवटी रात्री दव पडतं, दिवसा वाळलेलं रात्री परत ओलं. मार्चात हवा कोरडी झाली की उलटा त्रास, दुपारपर्यंत पान पापडासारखं, हात लावला की चुरा, आणि देठ वाकवला तर आत ओलाच. आणि खरा माल पानात असतो हो, प्रोटीनचा मोठा वाटा तिथेच. देठ वाळायची वाट बघत बसलं तर शेवटी काड्या गोळा करून आणायच्या, त्यापेक्षा गव्हाचा भूसा काय वाईट?

म्हणून देठ चेपायचा. बाहेर मोठ्या शेतांवर कापायच्या मशीनलाच रोलर असतात, देठ चिरडला की पाणी बाहेर पडायला वाट मिळते आणि देठ-पान जवळजवळ बरोबर वाळतात. आपल्याकडे एवढ्याशा तुकड्याला ते कोण आणणार. लोहामंडीत भंगारवाल्याकडे उसाच्या चरख्याचे जुने रोलर मिळाले, भिया (आमच्याकडे भाऊला भिया म्हणतात) चांगला माणूस निघाला, बेअरिंग पण बसवून दिले. पहिल्यांदा चालवलं तर अक्षरशः रस निघाला, पानं रोलरला चिकटून लगदा, बाबा म्हणे आता लिंबू-आलं टाक आणि सराफ्याच्या खाऊबाजारात रसाची गाडी लाव. मग रोलरवर ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर चढवलं आणि मधे साधारण 4 मिलिमीटर फट ठेवली. आता देठ फक्त चिरतो, पान शाबूत राहतं. एका ताडपत्रीवर चेपलेला आणि शेजारी न चेपलेला असा एकाच कापणीचा माल टाकला, चेपलेला आख्खा एक दिवस आधी बरणीच्या परीक्षेत पास! मीठ सुटं सुटं खळखळलं तो आवाज मी काकांना परत परत ऐकवला, त्यांनी शेवटी विडी पेटवली आणि निघून गेले.

वाळत घातलेला चारा उलथायचा कधी यावरून घरी वाद आहे, पण माझं ठरलंय, सकाळी दव पुरतं उडायच्या आत. पान तेव्हा नरम असतं, झडत नाही. दुपारी दाताळं हातात घ्यायचंच नाही. आणि खाली ताडपत्री पाहिजेच, झडलेला चुरा वासरं चाटून पुसून खातात.

बांधायला सुतळीच. प्लास्टिकची दोरी स्वस्त पडते पण एखादा तुकडा दावणीत गेला की तो गायीच्या पोटातच बसतो.

बरसीमच्या बियाण्यात या वर्षी पण कासनी (चिकोरीचं तण) निघाली, निळी फुलं दिसली तेव्हा कळलं. दुकानदार दरवर्षी शपथ घेतो. पुढच्या वेळी बी 10 टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारी कासनी काढून टाकणार, मग साध्या पाण्याने धुऊन पेरणार.

गुरांकडे सगळं ठीक. हिरव्या बरसीमवर कालवडीला परत अफरा आला होता, म्हणजे पोट गॅसने फुगलं होतं, भूसा आधी खाऊ घालून मग हिरवं दिलं तर येत नाही, आणि वाळका दिला तर प्रश्नच नाही, म्हणून तर एवढी उठाठेव. गाभण गायीला मात्र वाळकासुद्धा हात राखून, बरसीममध्ये कॅल्शियम भरपूर, शेवटच्या महिन्यात जास्त गेलं तर व्यायल्यावर मिल्क फीवरची, म्हणजे गाय आडवी पडायच्या आजाराची, भीती. तिला भूसा आणि थोडी जई, म्हणजे ओट.

जईवरून आठवलं, आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय, ऑक्टोबरमध्ये बरसीमबरोबर जई का नको पेरायला? जईची काडी ताठ असते, पसरलेला थर बसत नाही, खालून हवा जाते. एका पट्ट्यात करून बघणार. पण त्याला अजून वेळ आहे. आत्ताची कापणी समोर आहे आणि ढग पण येतायत, मार्चातला मावठा काही सांगून येत नाही. तेव्हा गंज रचायचा बेतच रद्द! शेजारच्या गव्हावर भूसा करायचा रीपर चालू झालाय, ताज्या भुशाची ट्रॉली आपल्याकडे येतेय. कोठ्यात वीतभर भूसा, त्यावर चेपलेल्या बरसीमचा पातळ थर, परत भूसा, असं रचत जाणार. कोरडा भूसा देठाचं उरलेलं पाणी ओढून घेईल आणि भुशाला बरसीमची चव लागेल, नाहीतरी नुसत्या भुशात प्रोटीन 3-4 टक्केच. तरी दाबून भरायचं नाही, आणि सळई रोज खुपसून बघायची.

मिठाचं विचारायचं होतं. थरांवर मीठ भुरभुरलं तर बुरशी कमी येते म्हणतात, मी वाळक्या मालाच्या क्विंटलला 1 किलो धरून चालले आहे. ज्यांनी टाकलंय त्यांनी सांगा, आणि गायी पाणी जास्त प्यायला लागल्या का ते पण.