रकमेतले स्वल्पविराम आणि कर्सरची जागा: आतापर्यंतची प्रगती

गेला महिनाभर सुट्टीच्या दिवशी मी ज्या कामाला बसतो आहे, ते ऐकायला अगदीच किरकोळ वाटते: रकमेच्या चौकटीत आकडे टाइप होत असतानाच त्यांत हजार-लाखांचे स्वल्पविराम आपोआप पडले पाहिजेत. प्रोग्रॅम जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतल्या खिडक्या-चौकटी बनवण्याच्या साधनसंचात) लिहिला असून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात मामांच्या गुळाच्या अडत दुकानात तो रोज चालतो. सौदे आटोपले की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, त्यातूनच निघते. दिवाणजींची नजर कागदावर आणि बोटे नंबर पॅडवर असतात, त्यामुळे १४८५० आणि १४८५०० यांतला फरक त्यांना मान वर करताक्षणी दिसणे गरजेचे आहे.

स्विंगमधील जेफॉरमॅटेडटेक्स्टफील्ड ही तयार चौकट मी आधीच बाजूला ठेवली होती, कारण चौकटीतून बाहेर पडल्यावर किंवा एंटर दाबल्यावरच ती रक्कम नीट मांडते. मग मजकूर बदलल्याची सूचना देणारा डॉक्युमेंटलिसनर लावून मजकूर बदलायचा प्रयत्न केला, तर पहिल्याच अंकाला इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही चूक आली. बदलाची सूचना पोहोचत असताना तोच मजकूर पुन्हा बदलायला स्विंग परवानगी देत नाही. योग्य जागा डॉक्युमेंटफिल्टर ही आहे, कारण मजकूर चौकटीत उतरण्यापूर्वीच तो आपल्या हाती येतो. आकडे मांडून देणाऱ्या जावाच्या डेसिमलफॉरमॅटनेही निराशा केली: साच्यात दोन-दोन अंकांचे गट लिहिले तरी जावा केवळ शेवटच्या गटाची लांबी पाहते आणि बारा लाखांची रक्कम १,२३४,५६७ अशी छापते. आयसीयू या वेगळ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) किंवा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ही अडचण नाही, परंतु एवढ्यासाठी संपूर्ण लायब्ररी जोडणे मला पटले नाही. उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देणारे दहा ओळींचे फंक्शन मी स्वतःच लिहिले.

खरा घोळ कर्सरने घातला. संपूर्ण मजकूर बदलला की कर्सर शेवटी जाऊन बसतो, म्हणून मी असा नियम केला होता की कर्सर आधी शेवटी असेल तर शेवटीच ठेवायचा, अन्यथा जुन्या जागेच्या एक घर पुढे न्यायचा. चार दिवस सर्व सुरळीत चालले. पाचव्या दिवशी संध्याकाळी मेळ बसेना. तफावत होती ४५० रुपयांची. दिवाणजींनी क्षणभर आकड्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नऊनं भाग जातोय बघा. कुठंतरी दोन आकडे उलटे पडल्यात." वहीखात्यातली ही जुनी खूण मला ऐकून माहीत होती, ती माझाच प्रोग्रॅम पकडून देईल असे वाटले नव्हते.

दिवाणजींच्या कागदावर १४,७२५ होते आणि प्रोग्रॅममध्ये १४,२७५. घाईत आधी १४५ टाइप झाले होते आणि राहिलेले ७ व २ नंतर मध्ये भरले गेले. ७ दाबल्यावर मजकूर १,४७५ झाला; १४ नंतरच्या दुसऱ्या घरातला कर्सर माझ्या नियमाने तिसऱ्या घरात गेला, पण त्याच वेळी डावीकडे नवा स्वल्पविराम आल्यामुळे ते तिसरे घर ४ आणि ७ यांच्या मधले ठरले. पुढचा २ साहजिकच ७ च्या आधी पडला.

आता कर्सरची जागा मी अक्षरांत मोजतच नाही. बदलानंतर कर्सरच्या डावीकडे किती अंक असायला हवेत एवढेच मोजायचे, नवी मांडणी करायची आणि तेवढे अंक ओलांडून कर्सर ठेवायचा. स्वल्पविराम हिशेबातच धरायचा नाही. दशांशचिन्हाला मात्र अंकाइतकाच मान द्यावा लागतो, नाहीतर पैसे टाइप करताना पुन्हा तीच गत होते.

बॅकस्पेसचे दुखणे त्यातूनच निघाले. कर्सर स्वल्पविरामाच्या लगेच उजवीकडे असताना बॅकस्पेस दाबली की स्वल्पविराम जातो, फिल्टर तो परत आणतो आणि कळ मेली आहे असे वाटते. म्हणून केवळ स्वल्पविराम पुसला जात असेल तर त्याच्या डावीकडचा अंक काढायचा, आणि डिलीट असेल तर उजवीकडचा. फिल्टरला कोणती कळ दाबली हे कळत नाही, पण कर्सर पुसायच्या जागेच्या पुढे असेल तर बॅकस्पेस आणि त्याच जागी असेल तर डिलीट, एवढ्यावर भागते.

सुरुवातीची शून्ये टाइप करतानाच काढून टाकण्याचा माझा अतिउत्साहही अंगाशी आला. १,००,५०० चे २,००,५०० करण्यासाठी पहिला १ पुसला की शून्ये नाहीशी होऊन ५०० उरायचे आणि २ दाबल्यावर २,५०० व्हायचे. आता शून्यांची साफसफाई चौकट सोडतानाच होते. देवनागरी अंकांचे काम मात्र फुकटात झाले, कारण कॅरेक्टर वर्गातील डिजिट ही मेथड ५ आणि त्याचे इंग्रजी रूप दोन्ही सारखेच वाचते.

वजन आणि दराच्या चौकटींतून ही सोय मी काढून टाकली आहे. तिथे चारच्या वर अंक क्वचितच जातात. अनडू, म्हणजे केलेला बदल मागे घेणे, अजून बाकी आहे. प्रत्येक बदल काढणे आणि घालणे अशा दोन नोंदींत जातो, त्यामुळे कंट्रोल-झेड एकदा दाबले की चौकट रिकामी दिसते. दोन्ही नोंदी कंपाउंडएडिट या स्विंगच्या सोयीने एकत्र बांधून पाहीपर्यंत दुकानातल्या प्रतीत ती कळ मी बंद ठेवली आहे, आणि अद्याप कोणी तिची चौकशी केलेली नाही.