मानू बेंचवर का बसायचा?

तुमची मुलगी माझ्याकडे बास्केटबॉल शिकते, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा नेहमीचा. कोर्टवर येणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात. परवा दुसऱ्या एका मुलीच्या बाबांनी तर जरा चिडूनच विचारलं, "मॅडम, तुम्ही सारखं त्या गिनोबिलीचं नाव घेता. तो तर पहिल्या पाचातही, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाच जणांतही, नसायचा. मग सॅन अँटोनिओ स्पर्स या अमेरिकी संघाच्या मोठ्या खेळाडूंत त्याला डंकन आणि पार्करच्या शेजारी कसं बसवता?"

टिम डंकनबद्दल माझा कुणाशीच वाद नाही. स्पर्सच्या पाचही विजेतेपदांत, १९९९ पासून २०१४ पर्यंत, खेळलेला तो एकटाच. भांडण लागतं ते त्याच्यानंतर कोण यावरून, आणि कागदावर टोनी पार्करची बाजू भक्कम आहे. तो सहा वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात खेळायला निवडला गेला, मानू गिनोबिली दोनदा. २००७ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला तोही पार्करच. मानू एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, साखळीत १,०५७ सामने खेळला, त्यातल्या फक्त ३४९ सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात होता. हे आकडे बघून तुम्ही टोनीला वर ठेवलंत तर मला वाईट वाटणार नाही. मी मानूला ठेवते.

तो स्पर्समध्ये आला तेव्हा नवशिका नव्हता. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, ५८ जणांत ५७ वा निवडला गेलेला हा अर्जेंटिनाचा मुलगा, पण अमेरिकेत येण्याआधीच, २००१ मध्ये, इटलीतल्या बोलोन्याकडून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, जिंकून बसला होता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत त्याच्या अर्जेंटिनाने अमेरिकेला ८९–८१ असं हरवलं. मानूचे २९ गुण. समोरच्या संघात डंकन होता! पुढे सुवर्णपदकही घेतलं. अशा माणसाला स्पर्सचा तेव्हाचा प्रशिक्षक ग्रेग पोपोविच सांगतो, तू बेंचवरून येशील. आणि तो येतो. २००६–०७ च्या मोसमापासून बहुतेक तसंच चाललं.

का, ते नीट समजून घ्या. टोनीला चेंडू हातात लागतो, मानूलाही लागतो. चेंडू एकच. दोघं पूर्ण वेळ बरोबर खेळले तर एकजण कोपऱ्यात उभा राहून बघणार. शिवाय पहिले पाच दमून बाहेर आले की बहुतेक संघांची गाडी अडते, कारण आत गेलेल्यांत खेळ रचणारा कुणी नसतो. पोपोविचने नेमकी ती जागा मानूला दिली. २००७–०८ मध्ये ७४ पैकी फक्त २३ सामन्यांत तो सुरुवातीला होता, तरी सामन्यामागे १९.५ गुणांनी त्या मोसमात स्पर्सचा सर्वांत जास्त गुण करणारा खेळाडू तोच! डंकन आणि पार्करच्याही पुढे. अटीतटीचा सामना संपत आलेला असताना मात्र तो आतच असायचा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. बेंचने त्यालाही दिलं. तो ज्या तऱ्हेने अंग झोकून द्यायचा, त्या तऱ्हेने रोज पस्तीस-छत्तीस मिनिटं खेळला असता तर एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकला नसता.

आणि त्याच्या चुका? मला त्या पाठ आहेत. २०१३ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, आपल्याकडे सकाळची वेळ. समोर मायामी हीट. स्पर्स मालिकेत ३–२ ने पुढे (चार सामने जिंकणारा विजेता), अठ्ठावीस सेकंद उरलेली, पाच गुणांची आघाडी. मायामीच्या कोर्टभोवती पिवळा दोर धरून माणसं उभी राहिली होती, कारण आता चषक द्यायचा. मग मायामीच्या रे ॲलनने ५.२ सेकंद उरली असताना तीन गुणांचा बास्केट मारून बरोबरी केली आणि जादा वेळेत स्पर्स हरले. त्या सामन्यात मानूने आठ वेळा चेंडू गमावला होता. सातवा सामनाही गेला. मी टीव्ही बंद केला आणि त्या दिवशी क्लास घेताना माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ. पाचवा सामना, मी पहाटे उठून बसलेली. स्पर्स २२–६ ने मागे पडले. मानू बेंचवरून उठला. चार क्वार्टरपैकी दुसऱ्यात चेंडू घेऊन डावीकडून निघाला, त्याच रे ॲलनला मागे टाकलं आणि आडव्या आलेल्या मायामीच्या ख्रिस बॉशच्या डोक्यावरून, छत्तिसाव्या वर्षी, डाव्या हाताने डंक मारला, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबला. मी घरात ओरडले, सगळे जागे झाले. १०४–८७. पाचवं विजेतेपद.

टोनी मला आवडतो. त्याच्या वेगाशिवाय यातलं काहीच घडलं नसतं. पण संघाची आघाडी बुडत असताना बाकावरून उठून आत जायचं, पाय थंड, सामना तापलेला, आणि पहिल्याच चेंडूपासून खेळ आपल्या ताब्यात घ्यायचा, हे मी दुसऱ्या कुणाला इतकी वर्षं करताना पाहिलं नाही.

तुम्ही विचारलंत ते मानूबद्दल, पण काळजी मुलीची होती, हे मला कळलं. बेंचवर बसली तर निवड करणाऱ्यांना दिसणार कशी, ही भीती खोटी नाही. मीही खेळताना त्यातून गेले आहे. म्हणून सांगून ठेवते. रविवारी ती पहिल्या पाचात नसेल. दुसरा क्वार्टर सुरू झाला की मी तिला आत घेणार आहे, कारण समोरच्या संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारी मुलगी, तेव्हा दमलेली असते आणि तुमच्या मुलीची डावीकडची ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी, तिला अडवता येत नाही. शेवटची पाच मिनिटं ती कोर्टवरच असेल. तिला हे मी कालच सांगितलंय. तिने फक्त विचारलं, "वॉर्मअप कधी सुरू करू?"