नेत्राणीला स्कूबाचं कार्ड काढलं: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

नेत्राणी म्हणजे मुर्डेश्वरसमोरच्या समुद्रातलं बेट. तिथं नेणाऱ्या स्कूबावाल्यांना फोन लावलात की पहिला प्रश्न हाच विचारा, "कार्ड मिळतंय काय? आणि समुद्रात डाइव्ह किती?" कार्ड म्हणजे स्कूबा शिकल्याचं सर्टिफिकेट. उत्तर गोलगोल आलं तर फोन ठेवा. आपल्याकडं स्कूबा म्हणून जे विकतात ते बहुतेक नुसतं एकदा बुडवून आणणं असतंय. मागून इन्स्ट्रक्टर टाकीला धरतो, जॅकेटमधली हवा तोच भरतो तोच सोडतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडं बघायचं. मालवणला जाऊन निम्मं बेळगाव हे करून आलंय, त्यात वाईट काही नाही, मजा येते, पण ते शिकणं नव्हे. मला मुर्डेश्वरच्या एका ठिकाणी 'कोर्स' म्हणूनच सांगितलं, अ‍ॅडव्हान्सही घेतला, आणि तिथं पोचल्यावर कळालं की त्यांच्या हिशेबात अर्ध्या तासाचं भाषण आणि एक डाइव्ह म्हणजे कोर्स. कन्नडात भांडलो, मराठीत भांडलो, शेवटी अर्धे पैसे परत दिले. आपल्याला कन्नड येतंय म्हणून रेट कमी होईल असल्या भ्रमात राहू नका. मालवणात केए २२ पाटी बघून आपण कर्नाटकवाले, इथं आपसात मराठी ऐकून महाराष्ट्रवाले, दोन्हीकडं पावणेच.

खरा कोर्स म्हणजे ओपन वॉटर. कार्ड देणारी संस्था पाडी असो की एसएसआय, ढाचा साधारण तोच. थिअरी ऑनलाइन, मग पोहायच्या टँकमध्ये किंवा उथळ पाण्यात सराव, आणि मग समुद्रात चार डाइव्ह, एका दिवसात तीनच्या वर नाहीत, म्हणजे समुद्राचे दोन दिवस तरी लागणारच. कोणी "एका दिवसात सगळं उरकतो" म्हणाला तर तो तुम्हाला उरकतोय. कार्ड मिळालं की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतंय. २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं ही परीक्षा असते, वेळेचं बंधन नाही. पोहायला येतंय असं धरूनच मी लिहितोय. पण विहिरीत शिकलेल्यांना एक सांगतो, आपली मान कायम पाण्याच्या वर असते, तोंड पाण्यात घालायची सवयच नसते, त्यामुळं निघायच्या आधी थोडे दिवस गोवावेसच्या टँकवर जाऊन तोंड बुडवून पोहा. याचा उपयोग पुढं मास्कच्या वेळी होतो.

पैशाचं बोलू. दुसऱ्या ठिकाणी नाव घातलं तिथं शिकवणारी पोरं एकदम चोख होती, त्याबद्दल तक्रार नाही, पण फोनवरचा आकडा आणि शेवटी मोजलेला आकडा यात मोठा फरक. ऑनलाइन थिअरीची फी वेगळी, कार्डाची फी वेगळी, बोट एकाच दिवसाची धरलेली, दुसऱ्या दिवसाची वेगळी, आणि व्हिडिओ तर "सर घ्यायलाच लागतो". घ्यायला लागत नाही! शिकताना व्हिडिओ काढला तर तुम्ही त्यात गुडघ्यावर बसून डोळे मिटून नाकातून बुडबुडे सोडताना दिसणार, त्याचे कोण पैसे देतंय. व्हॉट्सअपवर सगळं लिहून घ्या: थिअरी, कार्ड, बोट दोन्ही दिवस, किट, जेवण. लिहून देत नसतील तर पुढचं दुकान गाठा, मुर्डेश्वरात दुकानांना तोटा नाही.

मास्कचं प्रकरण सगळ्यांना जड जातंय. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा, वरची कड कपाळाशी दाबून नाकातून हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात नाकात पाणी गेलं की अंग म्हणतंय वर पळ, आणि वर पळणं हेच तिथं सगळ्यात धोक्याचं, कारण खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, श्वास कोंडून वर आलात तर फुफ्फुस फाटू शकतंय. म्हणून पहिला नियमच तो, श्वास कधी रोखायचा नाही. कान दुखायची वाट न बघता पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हळू हवा दाबायची. सर्दी असेल तर जाऊच नका, नाक मोकळं करणारी गोळी खाऊन तर अजिबात नको, खाली असताना गोळीचा असर उतरला की वर येताना कान अडकतात. दमा, हार्ट, कानाचं जुनं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरची सही इथूनच घेऊन जा, तिथं ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरायला लागतंय.

आता मूळ दुखणं. नेत्राणी बेट मुर्डेश्वरपासून बोटीनं दीड-एक तास. सगळे हार्टच्या आकाराचे फोटो दाखवतात, त्यात हे दिसत नाही की बेटावर उतरायला किनाराच नाही, सगळे उभे कडे. म्हणजे दोन डाइव्हच्या मधला वेळ नांगर टाकलेल्या बोटीतच काढायचा. आणि कोर्सवाल्यांना ट्राय डाइव्हवाल्यांच्याच, म्हणजे नुसतं एकदा बुडून यायला आलेल्यांच्या, बोटीत कोंबतात, त्यामुळं तुमचा इन्स्ट्रक्टर मोकळा होईपर्यंत बसा. बोट पुढं जात असते तोवर काही होत नाही, थांबली की डिझेलचा वास, वर ऊन, ओला वेटसूट आणि सारखं हलणं. अनमोड घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसलाय आणि घाट संपतच नाही, असं ते. हुबळीचा एक कॉलेजचा ग्रुप होता, सकाळी रील काढत होते, दुपारी सगळे कठड्याला लटकलेले. मी पण ओकलो. बोटीत बसल्या बसल्या ठरवून टाकलेलं की हा धंदा आपला नव्हे, घरी जाऊया.

उपाय काय तर सकाळी इडली आणि चहा, बास. बन्स, तळलेलं, मासे काही नको, आदल्या रात्री दारू तर नकोच. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि घरी एकदा घेऊन बघा, काहींना त्यानं गुंगी येते आणि गुंगीत डाइव्ह करायचं नसतंय. बोटीत मधोमध बसा, नजर लांब क्षितिजावर, मोबाईल पिशवीत. आणि इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा की पाण्यात पहिला मला उतरव, कारण पाच-सहा मीटर खाली गेलात की हलणं जवळपास थांबतंय, मळमळ पण. पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो तोंडातला भाग) तोंडात धरूनच करायची, काढायचा नाही. मासे जमतात, जमू देत.

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होता, सगळं छान झालं, पोपटमासे दिसले, एक मोरे ईल दगडातून तोंड काढून बसलेला. बास, पाणी स्वच्छ होतं. मुर्डेश्वरचा १२३ फुटी शंकर तुम्ही आधीच बघितला असणार. सीझन ऑक्टोबर ते मे, त्यातल्या त्यात डिसेंबर-जानेवारी बरा, पण ख्रिसमसच्या आठवड्यात गर्दी आणि रेट दोन्ही डोक्यावर.

शेवटचं, हे तिथं आपणहून कोणी सांगत नाही कारण त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक बेंगळुरूचं, रात्रीची बस धरून जाणारं. डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतंय, एक डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८. पण ते उंचीचं कारण आहे, विमानाचं नव्हे. हा हिशोब साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात आणि बेळगाव साडेसातशेच्या आसपास आहे. रविवारी दुपारी एकला शेवटची डाइव्ह करून लगेच अंकोल्यावरून आरबैल घाट चढून यल्लापूर-हल्याळ करत रात्री घरी, हे आपले लोक सर्रास करतात. करू नका. खाली दाबात अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर जायच्या आधी निघायला वेळ द्यायला लागतो. एकपासून १८ तास म्हणजे सोमवारी सकाळचे सात. रविवारची रात्र खालीच काढा, त्या रात्री मुर्डेश्वरात रूम शनिवारपेक्षा बरीच स्वस्त मिळते, घासाघीस केली तर अजून. सकाळी निघून सहा तास धरा, ऑफिस काही गाठत नाही, सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.