शिल्पाला पिन बसवायची का?

नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या शेडमध्ये एरवी कन्व्हेयरच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांच्या, फ्रेमा बनतात. शिल्पकार मॅडम पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन आल्या, तेव्हा मी आधी विचारलं, यावर माणसं किती बसणार? त्या म्हणाल्या, "बसतील, लोळतील, फिरवतील. तेच तर शिल्प."

३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपची गोल बैठक, पायाने रेटली की फिरणारी. पण आपली पब्लिक कधी सारखी विभागून बसते? फोटोसाठी सगळे एकाच बाजूला. त्या तिरक्या भाराला फक्त सरळ खाली येणारं वजन पेलणारं साधं थ्रस्ट बेअरिंग टिकलं नसतं, म्हणून जुन्या क्रेनचं, एका बाजूला कलणारा भारही पेलणारं स्लूइंग बेअरिंग भंगारातून शोधून आणलं. आर्गन वेल्डिंगचे सांधे घासून इतके बफ केले की नखालाही जोड लागू नये. फिरत्या आणि स्थिर भागांमधल्या फटीवरून मात्र मॅडमशी वाजलं. रेघ उठून दिसावी म्हणून त्यांना १२ मिमी हवी होती. बागेतल्या झोके-घसरगुंड्यांच्या युरोपियन मानकात ८ ते २५ मिमी म्हणजे बोट अडकायची जागा. मी ५ वर अडून बसलो. शेवटी त्यांनीच सांगितलं, १९७१ साली लंडनच्या टेट गॅलरीत अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट मॉरिसचं असंच चढाउतरायचं प्रदर्शन चार दिवसांत बंद करावं लागलं. लोकांना लाकडाची कुसळं घुसली, लागलं. २००९ मध्ये ते सुरक्षित सामान वापरून पुन्हा उभं केलं. माझे ५ मिमी पास.

उद्घाटनाला गंगापूर रोडवरच्या त्या संस्थेत पोचलो, तर भोवती दोरी आणि पाटी: 'हात लावू नये.' पाहुणे लोकसहभागावर भरपूर बोलले, दोरीच्या अलीकडून.

ते चहाला वळले आणि बागेत गवत काढणाऱ्या बाया डबे घेऊन आल्या. दोरी उचलून आत शिरल्या, कडुनिंबाच्या सावलीतल्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसल्या. नेमका तोच तिरका भार. बेअरिंग कुरकुरलंसुद्धा नाही. सावली सरकली की एकीने टाच रेटायची, अख्खी पंगत पुन्हा सावलीत.

"मावशी, रोज बसता?"

"मंग! बसवल्यापासून. उठावं लागत नाही ना."

कसं बसायचं याची चित्रं मॅडमनी काढून आणली होती, ती फाइलमध्येच राहिली. त्या खूश होत्या की खट्टू, मला अजून कळलेलं नाही.

नंतर संस्थेचा फोन आला: फिरणं बंद होईल अशी पिन बसवा, कुणी पडलं तर जबाबदार कोण? प्रश्न चुकीचा नाही. पण भोक पाडायचं ते त्याच बफ केलेल्या पाइपला. शेडमध्ये सध्या फार काम आहे, असं सांगून ठेवलंय.